सॅटचा स्कोर चांगला आलाय? मग भरघोस मेरिट स्कॉलरशिप देणारी अमेरिकन कॉलेजं अशी शोधा

गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला फोन म्हणजे "अगं, तुझ्या भाचीला अमेरिकेत स्कॉलरशिप मिळाली ना, आमच्या मुलासाठी पण सांग की कशी शोधायची". फोनवर दहा मिनिटांत हे सांगून होत नाही, आणि अर्धवट सांगितलं की समोरचा भलत्याच ठिकाणी फी भरून मोकळा होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. ज्यांची मुलं अकरावीत आहेत त्यांनी आत्ताच वाचा, बारावीच्या दिवाळीत वाचाल तर निम्म्या तारखा गेलेल्या असतील.

आधी आमचं सांगते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ताई-भावजी मुलुंडला राहतात, भावजींची नोकरी, ताईच्या घरगुती शिकवण्या, म्हणजे घर व्यवस्थित चालतं पण वर्षाला पन्नास लाख भरू शकणारं घर नाही. भाचीचा सॅटचा, म्हणजे अमेरिकन कॉलेज प्रवेशासाठीच्या १६०० मार्कांच्या परीक्षेचा, स्कोर चांगला आला तेव्हा भावजी तिला घेऊन एका कन्सल्टंटकडे गेले. त्याने अर्ध्या तासात आठ कॉलेजांची छापील लिस्ट हातात दिली, प्रत्येक नावापुढे "५० टक्क्यांपर्यंत स्कॉलरशिप". रात्री जेवणं झाल्यावर ती लिस्ट टेबलावर ठेवून आम्ही तिघी बसलो आणि एकेक कॉलेजची वेबसाइट उघडून बघितली तर त्या "पर्यंत" या शब्दातच सगळी मेख होती. एका ठिकाणी ती रक्कम दरवर्षी मोजक्याच मुलांना, एका ठिकाणी फक्त अमेरिकन नागरिकांना, एका ठिकाणी फक्त पहिल्या वर्षाला. आणि नंतर विचारल्यावर कळलं की आठही कॉलेजं त्याला ऍडमिशनमागे कमिशन देणारी होती. सगळे कन्सल्टंट वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, पण तुम्हाला लिस्ट देणाऱ्याला पैसे कोण देतं हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा, लाजू नका.

तर आता मूळ गोष्ट. मेरिट स्कॉलरशिप हे हुशारीचं बक्षीस आहे असं आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतो. आपल्याकडे बोर्डात आलं की सत्कार होतो तसं ते नाही. कॉलेजला चांगल्या स्कोरची मुलं हवी असतात, कारण त्याने त्यांची सरासरी वाढते, नाव वर जातं, वर्ग चांगला भरतो, आणि ती मुलं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून ते फीमध्ये सूट देतात. मग ज्या कॉलेजकडे १५५० वाली मुलं आपणहून रांगेत उभी आहेत ते तुमच्या १५०० ला पैसे का देईल? आणि ज्या कॉलेजात बहुतेक मुलं १३०० च्या आसपासची आहेत, तिथे तुमचा १५०० म्हणजे त्यांना हवाहवासा वाटणारा स्कोर. म्हणजे शोधायचं काय, तर आपल्याला जे कॉलेज हवंय ते नाही, ज्या कॉलेजला आपण हवे आहोत ते.

म्हणूनच पहिल्यांदा लिस्टमधून काय काढायचं ते बघा. आयव्ही लीगची आठही कॉलेजं, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेन, मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत. एमआयटी आणि स्टॅनफर्डचंही तसंच. तिथे जी मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून, आणि ती कधीकधी खूप मोठी असते, पण सॅटला १६०० पडले म्हणून एक डॉलरही कमी होत नाही. कॉर्नेलची टाटा स्कॉलरशिप पुष्कळांना मेरिटची वाटते, मलाही वाटलेली, पण तीसुद्धा आर्थिक गरजेवर आहे. तुमचं उत्पन्न खरंच कमी असेल तर ही कॉलेजं जरूर बघा, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ऍमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांनासुद्धा ऍडमिशन देताना पैशाची गरज आहे का नाही ते बघत नाहीत. पण तो वेगळा रस्ता आहे. इथे आपण त्या मधल्या घरांबद्दल बोलतोय ज्यांचं उत्पन्न गरजेच्या मदतीसाठी जास्त आणि पूर्ण फीसाठी कमी पडतं, मुंबईतली निम्मी मराठी नोकरदार घरं यातच येतात.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) युनिव्हर्सिटी, बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो वगैरे, याही स्कोरच्या दृष्टीने बाजूला ठेवा, कारण २०२१ पासून ते सॅट किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी ऍडमिशनला बघत नाहीत आणि स्कॉलरशिपलाही बघत नाहीत. आणि पीएसएटी, म्हणजे सॅटच्या आधीच्या सराव परीक्षेमधून मिळणारी नॅशनल मेरिट, जिच्याबद्दल अमेरिकेतले नातेवाईक हमखास सांगतात, ती अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, आपल्या पासपोर्टवर नाही.

आता उरलेल्यात दोन जाती आहेत आणि दोन्हींचा शोध वेगळा.

पहिली जात म्हणजे ऑटोमॅटिक. कॉलेजच्या वेबसाइटवर सरळ तक्ता छापलेला असतो, अमुक ते अमुक स्कोर आणि अमुक जीपीए (मार्कांची ४ पैकी काढलेली सरासरी) असेल तर वर्षाला अमुक डॉलर. अलाबामा युनिव्हर्सिटी यासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे, आणि दक्षिणेतल्या, मधल्या राज्यांतल्या बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटी असे तक्ते लावतात. यात निबंध नाही, इंटरव्ह्यू नाही, तारखेच्या आत अर्ज आणि स्कोर पोचला की झालं. मध्यमवर्गीय घराला ही जात सगळ्यात उपयोगाची, कारण अर्ज करायच्या आधीच आकडा माहीत असतो. फक्त तो तक्ता कुणासाठी आहे ते वर लिहिलेलं असतं ते वाचा. राज्यातल्या मुलांचा वेगळा, राज्याबाहेरच्यांचा वेगळा आणि परदेशी मुलांचा कधीकधी आणखीनच वेगळा. आमच्या भाचीने एका युनिव्हर्सिटीचा राज्याबाहेरच्यांचा तक्ता बघून आनंदाने उडी मारली होती, दोन दिवसांनी कळलं की परदेशी मुलांचं पान दुसरंच आहे आणि रक्कम निम्मी आहे. तक्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे पानावर कुठल्या वर्षीच्या प्रवेशासाठी लिहिलंय तेही बघा, गुगल खूपदा जुनं पान वर आणतं.

दुसरी जात स्पर्धेची. यात रक्कम मोठी, पूर्ण ट्यूशन (म्हणजे कॉलेजची शिकवण्याची फी) किंवा त्याहून जास्त, पण हजारो अर्जांतून थोडे निवडतात. यूएससीची (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) ट्रस्टी स्कॉलरशिप म्हणजे पूर्ण ट्यूशन आणि प्रेसिडेन्शियल म्हणजे अर्धी, बॉस्टन युनिव्हर्सिटीचीही ट्रस्टी स्कॉलरशिप पूर्ण ट्यूशनची, व्हँडरबिल्टची कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, रिचमंडची रिचमंड स्कॉलर्स, व्हर्जिनियाची जेफरसन, नॉर्थ कॅरोलायनाची मोरहेड-केन. या परदेशी मुलांनाही खुल्या आहेत. पण इथे स्कोर म्हणजे फक्त दारापर्यंत जायचं तिकीट, आत जाताना बाकीचं सगळं बघतात. अर्ज करा, पण घरचं बजेट यांच्यावर बांधू नका. आम्ही दहापैकी तीन अर्ज असे केले, एकही लागला नाही, आणि तरी काही बिघडलं नाही कारण उरलेल्या सातांत आकडे आधीच माहीत होते.

यूटी डॅलसची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या डॅलस शाखेची, ऍकॅडेमिक एक्सलन्स स्कॉलरशिप म्हणून एक आहे, तिच्यामुळे मला एक फार कामाची गोष्ट कळली. टेक्सासच्या कायद्यात अशी सोय आहे की सरकारी युनिव्हर्सिटीने किमान १००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप दिली तर बाहेरच्या, अगदी परदेशी मुलालासुद्धा राज्यातल्या मुलांची फी लावता येते. म्हणजे कागदावर स्कॉलरशिप छोटीशी दिसते आणि खरी बचत फीच्या फरकात असते. असे नियम काही राज्यांत, काही युनिव्हर्सिटीत असतात, म्हणून स्कॉलरशिपच्या पानावर "आउट ऑफ स्टेट ट्यूशन वेव्हर" असे शब्द दिसले की थांबून वाचा.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. सगळ्यात भारी हत्यार म्हणजे कॉमन डेटा सेट. बहुतेक अमेरिकन कॉलेजं दरवर्षी ही एक लांबलचक पीडीएफ काढतात, सगळ्यांचा फॉर्म एकच, त्यामुळे तुलना सोपी. गुगलवर कॉलेजचं नाव आणि पुढे कॉमन डेटा सेट असं इंग्रजीत टाका, मिळते. तिच्यातली तीनच ठिकाणं बघायची. सेक्शन सी मध्ये ९ नंबरला ऍडमिशन घेतलेल्या मुलांचे सॅटचे आकडे असतात, २५ वा, ५० वा आणि ७५ वा पर्सेंटाइल (७५ वा म्हणजे ज्याच्या खाली ७५ टक्के मुलं आहेत तो स्कोर). तुमचा स्कोर ७५ व्याच्या वर असला पाहिजे, जितका वर तितकं चांगलं. मग सेक्शन एच मध्ये २ए म्हणून एक ओळ असते, तिथे गरज नसतानाही कॉलेजने ज्यांना स्कॉलरशिप दिली अशा मुलांची संख्या आणि सरासरी रक्कम असते. ती संख्या शून्याच्या जवळ असेल तर ते कॉलेज मेरिट देत नाही, ब्रोशरमध्ये काहीही लिहू दे. आणि तिसरं, आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, एच ६. इथे परदेशी मुलांना कॉलेज स्वतःच्या खिशातून मदत देतं का, गरजेवर देतं का मेरिटवर देतं, किती जणांना दिली आणि सरासरी किती, सगळं असतं. फक्त एक सांभाळा, त्या सरासरीत गरज आणि मेरिट दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून कुठल्या चौकटीत टिक आहे ते आधी बघा. नुसतीच गरजेची टिक असेल तर तो मोठा आकडा तुमच्या स्कोरसाठी नाही.

भाची शनिवारी दुपारी हे काम घेऊन बसायची. लॅपटॉपवर पीडीएफ, बाजूला एक्सेल, आणि ताई चहा घेऊन आली की तिला आकडे वाचून दाखवायची. साठ कॉलेजांपासून सुरुवात केली होती, तीन शनिवारांत बावीस राहिली. एका नावाजलेल्या कॉलेजच्या एच ६ मध्ये पूर्ण वर्षात परदेशी मुलांपैकी दोघांनाच मदत दिलेली दिसली तेव्हा तिने ती ओळ लाल केली आणि म्हणाली, "मावशी, यांचं ब्रोशर किती सुंदर होतं गं". त्या दिवसापासून तिने ब्रोशर उघडायचं सोडलं.

सुरुवातीची साठ नावं कुठून आणायची हे पण विचारतात. कॉलेज बोर्डचं बिगफ्यूचर आणि अमेरिकन सरकारचं कॉलेज नेव्हिगेटर, दोन्ही फुकट, तिथे विषय, राज्य, फी असे फिल्टर लावता येतात. गुगलला शोधताना साइट कोलन डॉट ईडीयू (site:.edu) असं जोडलं की फक्त कॉलेजांचीच पानं येतात, नाहीतर वर सगळ्या जाहिराती. आणि मुंबईत अमेरिकन सरकारचं एज्युकेशनयूएसए हे सल्ला केंद्र आहे, यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) मार्फत चालतं, त्यांना कुठल्याही कॉलेजकडून कमिशन मिळत नाही. त्यांच्या ओळख करून देणाऱ्या सेशन्सना जाऊन या, आम्ही गेलो होतो, निदान कुठले प्रश्न विचारायचे ते तरी कळलं.

आता एक्सेलमध्ये काय लिहायचं. खूप जण स्कॉलरशिपची रक्कम लिहितात आणि मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावतात. तसं करू नका. एकच कॉलम महत्त्वाचा, आपल्याला भरायचे उरले किती. प्रत्येक कॉलेज वर्षाचा पूर्ण खर्च छापतं, कॉस्ट ऑफ अटेंडन्स म्हणतात त्याला, त्यात ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं येतं, विमा आत धरलाय का ते वेगळं बघा आणि विमानाचं तिकीट आपण वाढवा. समजा एका कॉलेजचा खर्च ८८,००० डॉलर आणि त्यांनी ३०,००० ची स्कॉलरशिप दिली. दुसऱ्याचा खर्च ४५,००० आणि त्यांनी २०,००० दिले. घरात सगळे ३०,००० वाल्याचं कौतुक करतील, पण पहिल्या ठिकाणी ५८,००० उरले आणि दुसऱ्या ठिकाणी २५,०००. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाला ५२ लाख २० हजार आणि २२ लाख ५० हजार. चार वर्षांचा हिशोब केला की एका फ्लॅटचा फरक पडतो.

आणि तिथेच थांबू नका. स्कॉलरशिपची रक्कम बहुधा चारही वर्षं तीच राहते, फी मात्र दरवर्षी वाढते. वरच्याच दुसऱ्या कॉलेजात खर्च दरवर्षी ४ टक्के वाढला असं धरा. पहिल्या वर्षी २५,०००, मग २६,८००, मग २८,६७२, मग ३०,६१९. म्हणजे चार वर्षांचे १,००,००० नाही, १,११,००० डॉलरच्या वर. ९० लाख धरले होते ते जवळपास एक कोटी झाले. भावजींनी हा हिशोब बघितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून स्वतःच पीपीएफ आणि एफडीचे कागद काढून आणले. आधी कळलं म्हणून बरं झालं, तिसऱ्या वर्षी कळून काय करणार होतो.

फुल ट्यूशन आणि फुल राईड यातला फरकही घट्ट लक्षात ठेवा. फुल ट्यूशन म्हणजे फक्त शिकवण्याची फी, राहणं-खाणं, विमा आणि बाकी मिळून वर्षाला सहज १५-२० हजार डॉलर तुमच्याच खिशातून. फुल राईडमध्ये राहणं-खाणंही येतं, पण ट्यूशनच्या पलीकडची जी रक्कम असते तिच्यावर परदेशी विद्यार्थ्याला कर लागू शकतो, साधारण १४ टक्के तिथेच कापून घेतात. तेवढं बाजूला काढून ठेवा.

स्कोरकडे येऊ. सॅट आता पूर्ण डिजिटल आहे, लॅपटॉपवर ब्लूबुक ऍपमध्ये, सव्वादोन तासांची, १६०० पैकी. सरावाच्या टेस्ट त्याच ऍपमध्ये फुकट आहेत आणि खान ऍकॅडमीवर तयारीही फुकट, जेईई-सीईटी करणाऱ्या मुलांना गणित जड जात नाही, इंग्लिश वाचनाकडे लक्ष द्यावं लागतं. आपल्या वेळापत्रकात सगळ्यात चांगलं म्हणजे अकरावीची परीक्षा संपली की मे किंवा जूनचा पहिला प्रयत्न, मग ऑगस्ट किंवा ऑक्टोबरला दुसरा. त्यानंतर प्रिलिम, प्रॅक्टिकल आणि बोर्ड, सॅटला डोकं राहत नाही. मुंबईतली सेंटर्स लवकर भरतात, तारीख जवळ आल्यावर बघितलं तर पोराला पहाटेच्या गाडीने पुण्याला न्यावं लागेल.

भाचीला मे मध्ये गणितात ७४० आणि इंग्लिशमध्ये ६९०, म्हणजे १४३०. ऑक्टोबरमध्ये ७८० आणि ६८०, म्हणजे १४६०. बरीच कॉलेजं दोन वेगवेगळ्या दिवसांतले चांगले सेक्शन जोडून घेतात, सुपरस्कोर म्हणतात, तिथे तिचा झाला १४७०. वाचायला दहा मार्कांचा फरक वाटतो, पण तक्त्यात पुढची पायरी जिथे सुरू होते तिथे दहा मार्कांना चार वर्षांत हजारो डॉलर किंमत असते. म्हणून आधी तक्ते बघा आणि मग ठरवा की परत परीक्षा द्यायची का. तुमचा स्कोर पायरीच्या अगदी खाली असेल तर परत देणं वसूल आहे, पायरीच्या मधोमध असेल तर ती फी आणि तो महिना बोर्डाच्या अभ्यासाला द्या. आणि हो, ऍडमिशनला सुपरस्कोर घेणारं कॉलेज स्कॉलरशिपला घेईलच असं नाही, ईमेल करून विचारा.

तसंच "टेस्ट ऑप्शनल" वाचून स्कोर पाठवायचा नाही असं ठरवू नका. ऍडमिशनला लागत नसला तरी स्कॉलरशिपला लागतो किंवा फायदा होतो अशी कॉलेजं पुष्कळ आहेत. ७५ व्या पर्सेंटाइलच्या वर असाल तर डोळे झाकून पाठवा. पुष्कळ ठिकाणी अर्जात स्वतः लिहिलेला स्कोर चालतो, अधिकृत रिपोर्ट ऍडमिशन झाल्यावर मागतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पैसे भरून रिपोर्ट पाठवत बसू नका.

तारखा. इथे सगळ्यात जास्त मराठी घरं फसतात, कारण आपल्याला ऍडमिशन म्हणजे जून असं डोक्यात असतं. कॉमन ऍप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकत्र चालणारा ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं, तुम्ही बारावीत असताना, म्हणजे जॉइन व्हायच्या वर्षभर आधी. ऍडमिशनची शेवटची तारीख जानेवारीत असली तरी स्कॉलरशिपची तारीख वेगळी आणि आधीची असते. यूएससीला मेरिटसाठी १ नोव्हेंबर, बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या मोठ्या स्कॉलरशिप्सना १ डिसेंबर, अशा. दरवर्षी तपासून घ्या. एक्सेलमध्ये ऍडमिशनची तारीख लिहूच नका, फक्त स्कॉलरशिपची लिहा. अर्ली ऍक्शन (लवकर करायचा पण बंधन नसलेला अर्ज) असेल तर त्यात टाका, पण अर्ली डिसिजन ज्याला म्हणतात ते बंधनकारक असतं, लागलं तर जावंच लागतं आणि दुसऱ्या ऑफरशी तुलना करता येत नाही. पैशाची तुलना करायची असेल त्या घराने अर्ली डिसिजनच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांना आमचा जवळजवळ दीड महिना गेला. अमेरिकन कॉलेजं नववी ते बारावी अशी चार वर्षं मागतात. नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे सह्या-शिक्के दोन ठिकाणचे. नववीचं प्रगतीपुस्तक कुणी जपून ठेवत नाही, ताईने माळ्यावरची ट्रंक उतरवून शोधलं. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसमध्ये ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा उतारा), काउन्सेलर रिपोर्ट (शाळा-कॉलेजने मुलाबद्दल द्यायचा अहवाल) हे शब्द पहिल्यांदाच ऐकतायत असं होऊ शकतं, तेव्हा नमुना प्रिंट काढून सोबत न्या, गणपतीच्या आधी अर्ज द्या, आणि सरांना किंवा मॅडमना शिफारसपत्रासाठी निदान महिनाभर आधी सांगा. पर्सेंटेजचं जीपीए स्वतः करून लिहू नका, मार्कशीट जशी आहे तशी द्या, ते त्यांच्या पद्धतीने करतात. तक्त्यात जीपीएची अट असेल तर आपल्या बोर्डाचे मार्क ते कसे मोजतात ते आंतरराष्ट्रीय ऍडमिशन ऑफिसला ईमेलवर विचारून घ्या, उत्तर लेखी राहतं.

नावाचंही बघा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव कधी मुलीच्या नावाला चिकटलेलं, कधी नाही. सॅटचं रजिस्ट्रेशन, कॉमन ऍप आणि पासपोर्ट तिन्हीकडे नाव एकसारखं ठेवा. पासपोर्ट काढला नसेल तर अकरावीतच काढा.

एक फार महागात पडणारी चूक सांगते. निकालाची वाट बघताना "वर्ष वाया नको" म्हणून मुलं इथे एफवायला किंवा इंजिनिअरिंगला ऍडमिशन घेऊन वर्ष करतात. बारावीनंतर कॉलेजचे क्रेडिट्स घेतले की अमेरिकेत तुम्ही बऱ्याच ठिकाणी ट्रान्सफर विद्यार्थी ठरता, आणि वर सांगितलेले सगळे तक्ते पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांसाठी असतात. ट्रान्सफरवाल्यांना स्कॉलरशिप असते पण खूपच कमी. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाचं असंच झालं, स्कोर भाचीपेक्षा चांगला होता. एक वर्ष थांबायचंच असेल तर कुठेही नाव न घालता थांबा, आणि आधी त्या कॉलेजला विचारा.

अर्जात एक प्रश्न येतो, गरजेवर आधारित आर्थिक मदत हवी आहे का. बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने "हो" लिहिलं की ऍडमिशनवर परिणाम होतो. तुम्ही फक्त मेरिटसाठी जात असाल आणि उरलेली रक्कम भरू शकत असाल तर सहसा "हो" लिहायची गरज नसते, कारण मेरिटसाठी वेगळा विचार आपोआप होतो. पण काही कॉलेजं वेगळा फॉर्म किंवा ऑनर्स कॉलेजचा (हुशार मुलांसाठीच्या खास विभागाचा) वेगळा अर्ज मागतात, त्यामुळे हे एक वाक्य प्रत्येक कॉलेजच्या पानावर शोधायचंच.

ऑफर्स यायला लागल्या की पत्र नीट वाचा. दरवर्षी नूतनीकरणाला किती जीपीए लागतो? ३.० असेल तर अभ्यासू मुलीला जमतं, ३.५ असेल आणि विषय इंजिनिअरिंग असेल तर विचार करा. आठ सेमिस्टर मिळते का? एका सेमिस्टरला जीपीए घसरला तर लगेच जाते का सावरायला एक टर्म देतात? विषय बदलला तर? ही उत्तरं पत्रात नसतील तर ईमेलवर घ्या. आणि दुसऱ्या तोडीच्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर मार्चमध्ये नम्रपणे पहिल्या कॉलेजला ते पत्र जोडून विचारता येतं, काही वाढवता येईल का. आपल्याला असं विचारायचा संकोच वाटतो, भावजी तर नकोच म्हणत होते. भाचीने सात ओळींचं ईमेल लिहिलं, तुमच्याकडेच यायचंय, घरून इतकं भरता येतं, दुसरीकडून इतकी ऑफर आहे, एवढंच. अकरा दिवसांनी उत्तर आलं आणि वर्षाला ३००० डॉलर वाढले. दुसऱ्या एका कॉलेजने नाही म्हणून कळवलं, पण ऑफर काढून घेतली नाही.

शेवटी उत्तर द्यायची तारीख साधारण १ मे असते. त्याच्या आत एकाच ठिकाणी डिपॉझिट भरा. मग कॉलेज आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद पाठवतं, त्यावर वर्षाचा खर्च, त्यातली स्कॉलरशिप आणि उरलेले पैसे कुठून येणार ते छापलेलं असतं. बँकेचं लोन असेल तर मंजुरीचं पत्र त्याच आकड्याशी जुळलं पाहिजे. बीकेसीला व्हिसाच्या इंटरव्ह्यूला भाचीला विचारलं, फी कोण भरणार. तिने कागद न बघता सांगितलं, कॉलेज इतके, बाबा इतके, लोन इतकं. तीन शनिवार ज्या मुलीने तो एक्सेल भरला होता तिला हे पाठ करावं लागलं नाही.